अंगणवाडी ज्यांनी घडवली त्या ताराबाई मोडक आणि वहीत न सापडणारं मूल

हिंजवडी कुठल्या तालुक्यात येतं? बरेच जण पटकन हवेली म्हणतील, काही जण पिंपरी-चिंचवड म्हणतील. हिंजवडी मुळशी तालुक्यात येतं. जगभरातल्या बँकांचा, विमा कंपन्यांचा आणि दवाखान्यांचा डेटा सांभाळणारी हजारो पोरं रोज सकाळी ट्रॅफिकला शिव्या घालत याच तालुक्यात कामाला येतात.

आता त्याच तालुक्यात पौड ओलांडून पुढे जा. मुळशी धरणाच्या पाण्याभोवती आणि ताम्हिणी घाटाच्या बाजूला विखुरलेल्या वाड्या लागतात. पावसाळ्यात इथं वाट सापडत नाही आणि बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज नसते.

समजा, यातल्या एका वाडीत अडीच वर्षांची मुलगी आहे. हाक मारली तर ती वळून बघत नाही आणि अजून एक शब्द बोललेली नाही. घरचे म्हणतात, उशिरा बोलेल, तिचा बापही उशिराच बोलला होता. या मुलीला ऐकू येत नसावं, ही गोष्ट सरकारच्या कुठल्या वहीत, कुठल्या ॲपमध्ये आणि कधी लिहिली जाणार?

प्रश्न आजचा आहे, पण त्याचं मूळ समजून घ्यायचं तर १९७३ साली वारलेल्या एका बाईंची गोष्ट माहिती पाहिजे. त्यांचं नाव ताराबाई मोडक. अंगणवाडी हा शब्द आज देशभर चालतो, ती कल्पना त्यांची.

वकिलाची बायको ते कॉलेजच्या प्राचार्य

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. माहेरचं आडनाव केळकर. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचं होतं. मुलींनी शिकावं, जातपात मानू नये, विधवांना पुन्हा लग्न करता यावं, या गोष्टी त्या काळात बहुतेक घरांमध्ये भांडणाच्या होत्या. केळकरांच्या घरात त्या रोजच्या बोलण्यातल्या होत्या.

१९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचं लग्न झालं. घर मोठं, पैसा होता, एक मुलगी झाली. पण संसार टिकला नाही. १९२१ साली दोघं वेगळे झाले.

साल पुन्हा एकदा बघा, १९२१. त्याच साली इकडे मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला होता. शिकलेल्या घरातही नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई म्हणजे नातेवाईकांसाठी अडचण असायची. ताराबाईंनी लहान मुलीला घेतलं आणि नोकरी धरली. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्य झाल्या. पगार, मान, राहायला जागा, सगळं होतं.

दोनेक वर्षांत त्यांनी ती नोकरी सोडली आणि भावनगरला गेल्या, तेही एका बालमंदिरासाठी.

भावनगरचं बालमंदिर आणि रोमची डॉक्टरीण

भावनगरला दक्षिणामूर्ती नावाची संस्था होती. तिथं गिजुभाई बधेका या माणसाने १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं होतं. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसं शिकवायचं या विचारात पडले, मारिया माँटेसरी यांची पुस्तकं वाचनात आली आणि वकिली मागे पडली.

इथं थोडं थांबून माँटेसरींबद्दल बोलायला हवं, कारण आपल्या विषयाचा धागा इथेच आहे.

आज माँटेसरी म्हटलं की भरपूर फी, रंगीत भिंती आणि गळ्यात टाय असं चित्र समोर येतं. पण माँटेसरी होत्या डॉक्टर. रोममध्ये १८९६ साली त्या वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि त्यांचं सुरुवातीचं काम झालं ते बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसोबत. त्या काळी अशा मुलांना वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं जायचं. ही मुलं शिकू शकतात, फक्त त्यांना हाताने, डोळ्याने, स्पर्शाने शिकवायला हवं, हे माँटेसरींनी करून दाखवलं. तीच साधनं घेऊन १९०७ मध्ये त्यांनी रोमच्या एका गरीब वस्तीत बाकीच्या मुलांसाठी बालगृह उघडलं.

म्हणजे आज जगभर लाखो मुलं ज्या पद्धतीने शिकतात, तिची सुरुवात विशेष शिक्षणातून झाली आहे.

दुसरी गोष्ट. डॉक्टर असल्यामुळे माँटेसरींना मोजण्याची आणि लिहून ठेवण्याची सवय होती. त्यांच्या बालगृहात प्रत्येक मुलाची उंची आणि वजन नियमित मोजलं जायचं आणि प्रत्येकाची वेगळी नोंद असायची. शिक्षिकेने आधी मुलाकडे नीट बघावं, काय दिसलं ते लिहावं आणि मग ठरवावं, हा त्या पद्धतीचा पाया. परीक्षेचे मार्क म्हणजे मुलाची माहिती, हे त्यांना मान्य नव्हतं.

ताराबाई भावनगरला हेच शिकल्या. गिजुभाईंबरोबर त्यांनी शिक्षण पत्रिका चालवली. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला, त्यात दोघांचा मोठा वाटा होता. लहान मुलांचं शिक्षण हा विषय देशात जवळपास कुणाच्याच यादीत नसताना ही मंडळी शिक्षक तयार करत होती, साधनं बनवत होती, आईबापांसाठी लिहीत होती.

दादरची शाळा चालली, पण टोचणी राहिली

१९३२ च्या सुमारास ताराबाईंनी भावनगर सोडलं. १९३६ मध्ये मुंबईत दादरला शिशुविहार सुरू झालं. सोबत बालशिक्षिकांचं प्रशिक्षणही. शाळा चांगली चालली. मध्यमवर्गीय मराठी आणि गुजराती घरांतली मुलं येऊ लागली.

पण एक गोष्ट उघड होती. इथं येणारं मूल हे आणून सोडायला माणूस असलेल्या घरातलं, अंगावर धुतलेले कपडे असलेलं आणि फी भरू शकणारं होतं. पद्धत गरीब वस्तीत जन्माला आली होती आणि आपल्याकडे ती चांगल्या घरांची झाली होती.

तिकडे गांधीजींची नई तालीम १९३७ मध्ये आली होती. तिचा भर होता ७ ते १४ या वयावर. सातच्या आधीचं खेड्यातलं मूल तेव्हा तरी कुणाच्याच हिशोबात नव्हतं. ताराबाईंनी ठरवलं की खेड्यात जायचं. १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. वय होतं ५३.

त्यांच्यासोबत एक तरुण शिक्षिका आली, अनुताई वाघ. जन्म पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांत वैधव्य, मग शिक्षण आणि पुण्याच्या हुजूरपागेत नोकरी. पुढची सगळी वर्षं या दोघींनी एकत्र काम केलं.

बालवाडी उघडली आणि मुलंच आली नाहीत

बोर्डीला बालवाडी सुरू झाली. गावातल्या बऱ्या घरांतली मुलं येऊ लागली. ज्यांच्यासाठी दादर सोडलं होतं ती मुलं मात्र आली नाहीत. हरिजनवाड्यातली नाहीत, वारली पाड्यांवरचीही नाहीत.

हा भाग कुठला होता हे लक्षात घ्या. १९४५ मध्येच डहाणू, तलासरी, उंबरगावच्या पट्ट्यात गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला होता. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबणाऱ्या आईबापांना, मुलांना नीट आवरून वेळेवर बालवाडीत पाठवा, हे सांगून काय उपयोग होता?

इथे दोन रस्ते होते. पहिला सोपा होता. हजेरीपटावर जी नावं आहेत ती मोजायची, वर्षाच्या शेवटी अहवालात लिहायचं की बालवाडी चालू आहे, हजेरी चांगली आहे. त्यात खोटं काहीच नव्हतं. कारण जे मूल कधी आलंच नाही, त्याचं नाव हजेरीपटावर नसतं आणि नाव नसल्यामुळे ते गैरहजरही ठरत नाही.

ताराबाईंनी दुसरा रस्ता घेतला. मूल येत नसेल तर आपण मुलाकडे जायचं. शिक्षिका पाड्यावर जाऊ लागल्या. एखाद्या झोपडीसमोरचं अंगण झाडायचं, मुलांना गोळा करायचं, आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. महागडी साधनं इथं आणणं शक्य नव्हतं. मग शंख-शिंपले, बिया, पानं, दगड हीच साधनं झाली. मोजायला शिंपले आणि रंग ओळखायला पानं.

अंगणात भरणारी वाडी म्हणून अंगणवाडी.

अंगणात गेल्याचा एक फायदा असा होता की घर दिसायचं. किती मुलं आहेत, कोण झोपून आहे, कोण कोपऱ्यात बसून राहतं, कुणाला दिसत नाही, कुणाला चालता येत नाही, हे शाळेच्या खोलीत बसून कळत नाही. घरात ठेवलेलं मूल बघायचं तर त्या घरापर्यंत जावं लागतं.

कोसबाडची टेकडी

१९५० च्या दशकात काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं विकासवाडी उभी राहिली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा, तिन्ही एकाच ठिकाणी.

असं का केलं? कारण पाड्यावरची सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नव्हती, तिच्या कडेवर धाकटं भावंड असायचं. भावंडाला पाळणाघरात घेतलं की ती वर्गात बसायला मोकळी. जी मुलं दिवसभर गुरांमागे असायची, त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरवली, तिला कुरणशाळा म्हणायचे. दिवसा ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग.

प्रत्येक वेळी पद्धत एकच होती. कोण आलं नाही ते बघायचं, का आलं नाही ते शोधायचं आणि त्या कारणाप्रमाणे शाळा बदलायची.

विकासवाडीचा अजून एक फायदा आज आपल्याला जास्त जाणवतो. पाळण्यातलं मूल बालवाडीत गेलं आणि बालवाडीतलं पहिलीत गेलं तरी त्याला ओळखणारी माणसं तीच राहायची. प्रत्येक टप्प्यावर आईला तीच माहिती नव्याने सांगावी लागत नव्हती.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. अनुताईंनी कोसबाडचं काम १९९२ पर्यंत, म्हणजे शेवटपर्यंत चालवलं. डहाणूला त्यांनी मूकबधिर मुलांसाठी शाळाही काढली. अंगणातून सुरू झालेलं काम ऐकू न येणाऱ्या मुलापर्यंत पोहोचलं, ते असं.

आता परत मुळशीतल्या त्या मुलीकडे येऊ

आज महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. कागदावर यंत्रणा मोठी आहे. त्या अडीच वर्षांच्या मुलीची माहिती कुठे कुठे जाते बघा.

अंगणवाडी सेविका पोषण ट्रॅकर ॲपमध्ये तिची उंची, वजन, हजेरी आणि आहार भरते. हे ॲप २०२१ पासून आहे आणि खातं महिला व बालविकास.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलांना तपासतं. जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातली दिरंगाई मिळून सुमारे ३० गोष्टी त्यात बघितल्या जातात. पुढे जिल्ह्याच्या केंद्रात पाठवायचं. खातं आरोग्य. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला तो पालघरमधून, म्हणजे कोसबाड आज ज्या जिल्ह्यात आहे तिथूनच.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि त्याचं युडीआयडी कार्ड हे तिसरं खातं.

सहाव्या वर्षी ती पहिलीत गेली की शाळा यू-डायसवर तिची माहिती नव्याने भरणार. खातं शालेय शिक्षण.

चार खाती, चार नोंदी आणि मूल एकच. या चार नोंदी एकमेकींशी सहज बोलत नाहीत, त्यामुळे मुलीची आईच फाइल घेऊन एका दारातून दुसऱ्या दारात फिरते.

त्यात वजन आणि उंची ठीक असेल तर ॲपमध्ये ही मुलगी निरोगीच दिसते. वजनकाट्याला ऐकू येतं की नाही ते कळत नाही. तपासणीचं पथक ज्या दिवशी आलं, त्या दिवशी ती आईसोबत वीटभट्टीवर असेल तर ते सहा महिनेही गेले. आणि भाषा शिकण्याची मेंदूची सगळ्यात जास्त तयारी पहिल्या तीन-चार वर्षांत असते. अडीच वर्षांच्या मुलीचे सहा महिने म्हणजे फार मोठा काळ.

२०११ च्या जनगणनेत देशात दिव्यांग व्यक्तींचं प्रमाण २.२१ टक्के होतं. ० ते ६ वयोगटात मात्र ते १.२४ टक्केच दिसलं. वाढत्या वयात अपघात, आजार आणि म्हातारपणामुळे प्रमाण वाढतं हे खरं. पण लहान वयात ओळखच पटत नाही, घरचे सांगत नाहीत आणि विचारणाऱ्याला कसं विचारायचं ते माहिती नसतं, हेही तेवढंच खरं. नोंदच झाली नाही म्हणून आकडा छोटा दिसतो आणि आकडा छोटा म्हणून शिक्षक आणि पैसाही थोडाच मिळतो.

मग सुधारणा काय करायची?

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल आणला. लवकर ओळख, अंगणवाडीतच सामावून घेणं, घरच्यांना साथ आणि पुढे तज्ज्ञांकडे पाठवणं, असे टप्पे त्यात आहेत. दिशा बरोबर आहे. पण तो वाड्यावस्त्यांवर चालायचा असेल तर कोसबाडकडून चार गोष्टी उचलता येतील.

पहिली, सुरुवात हजेरीपटापासून नको, घरापासून हवी. वाडीत ० ते ६ ची मुलं किती आणि त्यातली अंगणवाडीत किती, या दोन आकड्यांमधला फरक हीच सगळ्यात महत्त्वाची माहिती आहे.

दुसरी, शिक्का मारण्याआधी बघायचं. मतिमंद आहे का असं विचारलं तर कुठलीच आई हो म्हणणार नाही. मागून हाक मारल्यावर वळते का, इतर मुलांसारखं बोट दाखवते का, पायरी चढते का, असं विचारलं तर ती खरं सांगते. नोंद या उत्तरांची व्हावी. निदान करणं हे डॉक्टरचं काम आहे.

तिसरी, नोंद मुलाबरोबर पुढे गेली पाहिजे. अंगणवाडी, आरोग्य पथक, प्रमाणपत्र आणि शाळा यांना जोडणारा एकच क्रमांक हवा. आणि त्यात पाठवलं एवढंच लिहून भागणार नाही. मूल पोहोचलं का, तपासणी झाली का, श्रवणयंत्र मिळालं का, ते चालू आहे का, इथपर्यंत लिहिलं जायला हवं. अर्थात ही माहिती फार नाजूक आहे. आईबापांची संमती आणि कोण काय बघू शकतं याचे नियम आधी ठरायला हवेत, नाहीतर मदतीसाठी केलेली नोंद गावभर चर्चेचा विषय होते.

चौथी, जिच्या हातात वही आहे तिला जड होईल असं काही नको. २०२१ मध्ये राज्यातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते. फोन सारखे बंद पडत होते आणि ॲप इंग्रजीत होतं, अशा तक्रारी होत्या. सेविकेला रेंज नसतानाही, मराठीत आणि एकदाच भरता येईल असं काही दिलं, आणि तिने भरलेल्या माहितीचं पुढे काय झालं हे तिला दिसलं, तर ती नीट भरेल. वर पाठवलेल्या माहितीतून वाडीत कधीच काही परत येत नसेल तर रकाने नुसते भरण्यासाठी भरले जातात.

यातल्या एकाही गोष्टीला फार मोठं तंत्रज्ञान लागत नाही. आणि लागलंच, तर ते बनवू शकणारी माणसं मुळशी तालुक्यातच रोज कामाला येतात.

ताराबाईंकडे संगणक नव्हता, ॲप नव्हतं. आपल्या हजेरीपटावर नाव नसलेलं मूलही आपलंच आहे हे त्यांनी मानलं आणि ५३ व्या वर्षी त्याला शोधायला पाड्यावर गेल्या. आजची डेटा यंत्रणा चांगली की वाईट हे ठरवायचं असेल तर तिने किती कोटी नोंदी केल्या ते विचारू नका. न आलेलं मूल तिला सापडतं का, एवढंच विचारा.

आणि एक कामाची गोष्ट. तुमच्या घरात, सोसायटीत किंवा गावाकडे असं एखादं लहान मूल असेल, जे हाकेला वळत नाही, नजर देत नाही, वयाप्रमाणे बसत किंवा बोलत नाही, तर मोठं झालं की होईल म्हणून थांबू नका. जवळच्या अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीबद्दल विचारा. ती मोफत असते. झालेल्या तपासणीचा कागद मागून घ्या आणि जपून ठेवा. चार खात्यांच्या नोंदी एकत्र येईपर्यंत त्या मुलाची सगळ्यात भरवशाची नोंदवही तुम्हीच आहात.